खोडलेली शेवटची ओळ

टेबलावर उताऱ्याच्या बत्तीस प्रती होत्या आणि वर्गात एकतीस मुलं. उरलेली प्रत माझी. धडा होता आत्मकथन कसं वाचावं याचा. उतारा बाईंनी दिला होता. त्यांनीच मला शाळेत शिकवलं होतं आणि आता मी त्यांच्याच हाताखाली नवी शिक्षिका होते.

पहिलं वाक्य वाचलं आणि मी ते ओळखलं. बाबा घर सोडून गेले, त्या आठवड्यात पंधराव्या वर्षी मी बाईंना लिहिलेलं पत्र होतं ते. माझं नाव काढलं होतं. ‘हे फक्त तुमच्यासाठी, कुणाला दाखवू नका’ ही शेवटची ओळही.

मुलांना शांतपणे वाचायला सांगून मी शेजारच्या खोलीत बाईंकडे गेले.

“बाई, हे माझं पत्र आहे.”

“अगं, नाव काढलंय की! नऊ वर्षं वापरतेय. मुलं रडतातसुद्धा.”

“आणि शेवटची ओळ?”

“ती ठेवली असती तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलांना आयतंच मिळालं असतं, वेडाबाई.”

मी वर्गात परतले. शेवटचा प्रश्न फळ्यावर लिहिला : लेखिकेने हे कोणाला आणि कोणत्या भरवशावर लिहिले असावे?

“टीचर, बाबा कुठे गेले तेपण आम्हीच शोधायचं का?” मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसला.

तास संपल्यावर मी उत्तरं मोजली. एकतीसपैकी सत्तावीस जणांनी लिहिलं होतं की, मुलगी एका मोठ्या माणसाला सांगते आहे आणि तो हे कुणालाही दाखवणार नाही, अशी तिची खात्री आहे.