ओला कढीपत्ता

मोहरी तडतडली, जिरं लाल झालं, तसा बबितानं मूठभर कढीपत्ता पाण्यातून काढला आणि निथळता तसाच तेलात सोडला. कढई भडकली. तेल चहूकडं उडालं, एक थेंब मनगटावर बसला, आणि त्या चर्रर्र आवाजाच्या आडोशाला बबितानं तोंडात पदर कोंबून एक हुंदका देऊन घेतला. आवाज बसला, तिनं डोळे पुसले, फोडणी वरणावर ओतली आणि वरून कोथिंबीर भुरभुरली.

"पाला कोरडा करावा गं," ओसरीवरून सासू, मंजुळाबाई, म्हणाली. "कितींदा सांगू? हात भाजून घेशील."

"हाव, आत्या."

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. फोडणीचा आवाज गल्लीभर गेला होता. तिला तेवढंच पाहिजे होतं.

भाद्रपदात देगलूरहून नायगावला परतताना बबिताचा नवरा अमरेश मोटारसायकलीसकट ओढ्याच्या पुलावरून वाहून गेला. मोटारसायकल दुसऱ्या दिवशी गाळात सापडली, माणूस काही सापडला नाही. पाहुणे जमले. कुणीतरी वरण उकडून आणलं, बिनहळदीचं, बिनफोडणीचं, मयताच्या घरी देतात तसं. मंजुळाबाईनं ते पातेलं उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं.

"माझ्या लेकाचं मढं बघितलंय का कुणी? मंग सुतक कसलं?" असं म्हणून तिनं सगळ्यांदेखत कढई चढवली.

तेव्हापासून या घरात रोज संध्याकाळी फोडणी. मेथी, चुका, पालक, जे मिळेल ते. शेपू तेवढी घरात येत नाही, कारण अमरेशला तिचा वास खपत नाही, आणि पोरानं आल्या आल्या नाक मुरडायला नको! दारात येऊन कुणी डोळ्याला पदर लावला, की म्हातारी फाडकन बोलायची, "रडायचं तर आपल्या घरी जाऊन रड, बाई."

आता सांगा, अशा घरात सुनेनं रडावं कुठं? बरं, गल्लीतल्या बायकांचं तोंड कुणी धरावं! "नवरा वाहून गेला अन् हिच्या कढईला खळ न्हाई. लई चटक बाई जिभेला!" बोल सगळा बबिताच्या माथी. ती खाली मान घालून ऐकून घ्यायची. त्या दिवशीचं पाणी तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. अमरेश परत यायचा नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढायची सोय नव्हती. ना कुंकू पुसता येत होतं, ना नवऱ्याच्या नावानं गळा काढता येत होता. म्हणून मग ओला कढीपत्ता. तेवढ्या चरचराटात मावेल तेवढंच रडून घ्यायचं.

पौषातल्या एका संध्याकाळी मंजुळाबाई परसातून पुदिना खुडून मागच्या दारानं आत आली. बबिताची पाठ दाराकडं होती. कढई चर्रकन वाजली आणि सुनेचे खांदे गदगदा हलले. आवाज थांबला, खांदेही थांबले. मग बबितानं आणखी एक डहाळी पाण्यात बुडवून तेलात टाकली. खांदे पुन्हा हलले.

म्हातारी दारातच खिळली. सुनेच्या मनगटावरचे जुने-नवे डाग तिनं रोज बघितले होते आणि रोज तिच्या वेंधळेपणावर चिडली होती.  आता मात्र ती पुदिना उंबऱ्यावर ठेवून पाय न वाजवता मागं फिरली. 

दुसऱ्या दिवशी बबिता दळण घेऊन घरी आली, तर स्वयंपाक होऊन गेलेला. घरात कसलाच वास नव्हता. ताटात भात होता, त्यावर पांढुरकं वरण. कोथिंबिरीची जुडी कोपऱ्यात न सोडता तशीच पडली होती.

"आत्या, फोडणी राहिली."

"राहिली न्हाई. दिली न्हाई."

 इतके महिने बबितानं याचीच वाट बघितली होती. पण रोज कढई चढत होती तोवर अमरेशला नुसता उशीर झाला होता, आणि त्या उशिरावर आपणही थोडंसं विसंबून होतो, हे तिला आत्ता कळलं. तिनं झटकन उठून कढई हातात घेतली.

"मी देते की. पाला हाय परसात."

"बस खाली."

"आजच्या दिवस, आत्या. उद्यापासून न्हाई देऊ."

मंजुळाबाईनं तिच्या हातातली कढई काढून घेतली आणि पालथी घातली. मग मनगटाला धरून तिला खाली बसवलं, भात कालवला आणि घास तिच्या तोंडाशी नेला. 

"अमरेश गेला, बबिता," ती म्हणाली. "रड आता. मोठ्यानं रड."

बबितानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिचा हात आधी पदराकडंच गेला. म्हातारीनं तो पदर तिच्या मुठीतून सोडवला, आणि कसं रडायचं ते सुनेला दाखवावं तसा, हंबरडा तिनंच आधी फोडला.