मागच्या काठीची शिडी

“विद्युलताबाई, तेथेंच. वारा आंत येईल.”

मी विरजण मागायला गेले होते. वाटी हातात धरून उंबऱ्यातच उभी राहिले. मद्रासचा मे महिना, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि टेबलाशी नवरा-बायको घामानं निथळत बसलेले. मध्ये तीन डोलकाठ्यांचं जहाज. तुळजाजीरावांनी चिमट्यात मुगाएवढी लाकडी कप्पी धरली होती आणि सुंदरीअक्का तिच्यातून मेण लावलेला दोरा ओवत होत्या. तेवढ्यात मला शिंक आली. मी ती गिळली. शिंकले असते तर त्या घरातलं माझं जाणं-येणं बंद झालं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

“झालें. आतां या,” तुळजाजीराव म्हणाले.

“ये ग. वाटी दे,” म्हणत अक्का उठल्या आणि आधी पंखा लावला.

पुरसवाक्कमच्या त्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. माझे यजमान मद्रासबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात लागले होते. ते उजाडायच्या आत घर सोडत आणि दिवेलागणीला परतत. मधला सगळा दिवस माझा. मला तमिळ येत होतं ते ‘वेंडाम’पुरतं, म्हणजे नको म्हणण्यापुरतं. अशात एका सकाळी शेजारच्या पोर्शनमधून दूधवाल्याला कुणीतरी मराठीत नावं ठेवताना ऐकू आलं आणि मी जवळजवळ धावतच गेले. तंजावरचे मराठे. पूर्वज कधीकाळी राजांच्या पदरी आलेले, ते तिथलेच झाले. त्यांचं बोलणं म्हणजे बखर वाचता वाचता कुणी मध्येच तमिळ बोलावं, तसं. मी हसायची. अक्का म्हणायच्या, “तुझें मराठी आम्हांस रेडियोसारखें लागतें. हळू बोल.”

तुळजाजीराव बंदरात ड्राफ्ट्समन होते. नोकरीत नकाशे काढायचे आणि घरी येऊन जहाजं करायची. खेळणी म्हणून नव्हे. खऱ्या जहाजाच्या मापावरून, प्रत्येक फळी तासून, गरम पाण्यात भिजवून, वाकवून, वाळवून. फळी वाळायला पंधरा दिवस लागले तर पंधरा दिवस तिच्याकडे बघायचे. मनाजोगी वाकली नाही की मोडून चुलीत. त्यांना घाई म्हणून ठाऊक नव्हती. लेकीच्या लग्नातही मुहूर्ताला दहा मिनिटं असताना ते धोतराची निरी तिसऱ्यांदा घालत होते, असं अक्का सांगायच्या, आणि त्यात तक्रार कमी, कौतुकच जास्त असायचं.

हे तीन काठ्यांचं जहाज मात्र त्यांच्या आजवरच्या कामात सगळ्यांत मोठं होतं. बंदरासमोरच्या बीच लाइन रस्त्यावरच्या एका जहाज कंपनीनं आपल्या सर्वांत पहिल्या गलबताची प्रतिकृती मागितली होती. पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, ती कंपनीच्या दर्शनी दालनात काचेत बसायची होती. लाकूडकाम त्यांनी निभावून नेलं. अडलं ते दोरांच्या शिड्यांपाशी. खलाशी डोलकाठीवर चढायला वापरतात त्या शिड्या. प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराला गाठीनं बांधलेली, अशा शेकडो गाठी. पुस्तकातली आकृती समोर ठेवून ते आठवडाभर चिमट्यानं झटले. गाठ बसे, पण ढिली. अक्का शेजारी जमिनीवर मोगरा बांधत होत्या. मद्रासच्या बायका फुलांना सुई लावत नाहीत. दोरा दोन बोटांवरून फिरवून फासा करायचा, तो देठांवर चढवायचा आणि ओढायचा. अक्कांनी मान वर करून पुस्तकात पाहिलं.

“हें तर माझेंच,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून शिड्या अक्कांच्या. दुपारी माझं आवरलं की मी तिथे जाऊन बसायची. अक्का गप्पा मारत गाठी घालायच्या, हाताकडे न बघितल्यासारख्या. तुळजाजीराव कामावरून आले की भिंग घेऊन एकेक पायरी तपासायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. काही न बोलणं ही त्या घरातली शाबासकी होती. दोघांना एकाच टेबलाशी वाकलेलं पाहिलं की मला हेवा वाटायचा. माझा नवरा चांगलाच होता, पण आम्हा दोघांना मिळून करायला असं काही नव्हतं.

नवरात्रात त्यांच्याकडे बाहुल्यांचा कोलू मांडला होता. मी हळदीकुंकवाला गेले तेव्हा अक्का कपाळ दाबत बसल्या होत्या.

“बल्बाभोंवती रंगांचें वाटोळें दिसतें ग,” त्या म्हणाल्या. “लाल, निळें. डोकेंही ठणकतें.”

“उजेड पुरत नाहीं तुला,” तुळजाजीराव टेबलावरूनच म्हणाले. “उद्यां मोठा बल्ब आणतों.”

“अहो, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा ना,” मी म्हटलं. “एग्मोरचं हॉस्पिटल किती लांब आहे? मी घेऊन जाते.”

“जाऊं कीं. पोंगल होऊं दे. एकदां जहाज दिल्हें कीं जाऊं.”

“नको ग, आतां नको,” अक्काही म्हणाल्या. “मागच्या काठीच्या शिड्या तेवढ्या राहिल्या आहेत. यांचें काम थांबेल.”

दुसऱ्या दिवशी शंभराचा बल्ब आला. वर तुळजाजीरावांनी आपलं एक भिंग तारेच्या स्टँडवर बसवून अक्कांसमोर उभं केलं. स्टँड सुरेख होता. दोन संध्याकाळी खपून केला होता. अक्कांनी तो मला चारचारदा दाखवला.

पुढे त्यांचा हात मंदावला. दोरा हुडकायला वेळ लागायचा. डिसेंबरात एकदा त्यांनी माझ्या ओटीत तांदळाबरोबर कुंकवाची डबीच पालथी केली आणि खूप हसल्या. मीही हसले. मागच्या काठीच्या शिड्या त्यांनी पुऱ्या केल्या आणि पोंगलच्या आदल्या दिवशी जहाज गेलं. कंपनीचा टेंपो आला होता. गादीवर ठेवलेलं जहाज मध्ये घेऊन तुळजाजीराव मागे उकिडवे बसले, आणि बीच लाइनपर्यंत तसेच बसून गेले.

त्यानंतर आम्ही एग्मोरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ दोन्ही डोळ्यांत पाहिलं. काचबिंदू. दिव्याभोवती रंग कधीपासून दिसत होते, असं त्यांनी विचारलं.

“नवरात्रापासून,” अक्का म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या, त्या थांबल्या. तेव्हाच आला असता तर पुष्कळ करता आलं असतं, असं त्या शांतपणे म्हणाल्या. जी नस वाळली ती परत येत नाही. राहिलं आहे तेवढं टिकतं का पाहू. तुळजाजीराव भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होते. मला त्यांचा फार राग आला. ज्या माणसाला फळी वाळेपर्यंत पंधरा दिवस थांबता येत होतं, त्याला बायकोसाठी एक सकाळ काढता आली नव्हती. हे मी तोंडावर बोलले नाही. पण ऑटोत मी अक्कांना मध्ये बसवून तोंड रस्त्याकडे वळवलं, आणि त्यांना ते कळलं.

राहिलेली नजर टिकली नाही. औषधं झाली, एक शस्त्रक्रियाही झाली. दोन वर्षांत अक्कांना उजेड आणि अंधार तेवढा कळायचा, मग तोही नाही. तुळजाजीरावांनी नंतर जहाज केलं नाही. अवजारं तेल लावून पेटीत ठेवली. मुदतीआधी निवृत्ती घेतली, स्वयंपाक शिकले, अक्कांची वेणी घालू लागले. वेणी अगदी सरळ असायची. बाहेर जाताना आपल्या हातानं अक्कांच्या पायांत चपला घालायचे आणि कोपर पुढे करायचे. गल्लीत सगळे म्हणायचे, नवरा असावा तर असा. अक्काही म्हणायच्या. हळूहळू माझाही राग गेला. चुकतात माणसं, मी मनाशी म्हटलं. हा निदान फेडतो आहे.

असंच चाललं असतं. पण एक दिवस कंपनीचे मॅनेजर गुरुमूर्ती यांचा निरोप आला. मद्रासचं जुनं ऑफिस बंद होत होतं आणि जहाज मुंबईच्या मुख्य ऑफिसात जाणार होतं. पेटीत घालण्याआधी तुळजाजीरावांनी एकदा येऊन पाहावं.

“मी येतें,” अक्का म्हणाल्या. “एकदां हात लावूं दे मला. मग तें कोठें दिसणार?”

“काच असते. उघडत नाहींत,” तुळजाजीराव म्हणाले.

“पेटींत घालणार तें काचेसकट?”

मग ऊन फार आहे झालं, पायऱ्या फार आहेत झालं. मला त्यांचं काही कळेना. इतकी वर्षं बाईनं काही मागितलं नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, “मी येते बरोबर. अक्कांना मी धरते, तुम्ही जहाज बघा.” यावर त्यांनी अक्कांच्या चपला पुढे ठेवल्या.

ऑफिसात पाय ठेवताच अक्कांच्या तळव्याला चपलेच्या कडेनं गालिचा लागला. कुणाच्या घरात जावं तशा त्यांनी दाराशीच चपला काढल्या. शिपाई हसला. तुळजाजीरावांनी त्या उचलून भिंतीशी नीट लावून ठेवल्या. गुरुमूर्ती भला माणूस होता. त्यानं स्वतः कुलूप काढून काचेचं दार उघडलं, आणि अक्कांना तमिळमध्ये म्हणाला की घरचंच आहे, सावकाश पाहा.

अक्कांनी आधी बोट पदराला पुसलं. मग नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात केली. पुढची काठी, तिच्या दोन्ही बाजूंच्या शिड्या, मधली काठी. बोटं पायरी पायरीनं वर चढत होती आणि अक्कांचा चेहरा उजळत होता. “ही श्रावणांतली,” त्या पुटपुटल्या. “ही बांधतांना तूं शेंगा निवडीत होतीस, विद्युलता.” आणलं ते बरं केलं, असं वाटलं. मागच्या काठीची डावी शिडी झाली. हात उजवीकडे गेला, दोन पायऱ्या चढला आणि थांबला. परत खाली आला. अक्कांनी नखानं एक गाठ हलकेच खरवडली.

“येथें गोंद आहे,” त्या म्हणाल्या.

गुरुमूर्ती वाकून पाहू लागला.

“मी गोंद लावीत नाहीं. ही गाठ माझी नव्हे.” त्यांनी वरच्या चार-पाच गाठी चाचपल्या. “ही शिडी माझी नव्हे. कोणीं बांधली?”

“मीं,” तुळजाजीराव म्हणाले.

“कधीं?”

“तूं देवळास गेली होतीस. कार्तिकांत.”

“वाकडी झाली होती?”

“पायऱ्या एकांत एक गेल्या होत्या. मीं काढून पुन्हां बांधली.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कार्तिकात अक्कांना दोरा दिसत नाही हे त्यांनी भिंगातून पाहिलं होतं. त्यांना ठाऊक होतं. सगळं ठाऊक असून त्यांनी शिडी दुरुस्त केली होती.

“मग मला कां नाहीं सांगितलें?” अक्कांचा आवाज चढला नव्हता.

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

अक्कांचं बोट त्या गाठीवरून हललं नाही. एवढं पुरे नाही हे तुळजाजीरावांनाही कळत होतं. त्यांनी गुरुमूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्हाला बाहेर जा म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले नाहीत.

“सांगितलें असतें तर तूं काम सोडलें असतेंस,” ते म्हणाले. “आधींच इस्पितळ करावें लागलें असतें. जहाज राहिलें असतें.”

गुरुमूर्तीला मराठी कळत नव्हतं. काही मोडलंय का, असं त्यानं काळजीनं विचारलं. अक्कांनी जहाजावरचा हात काढून घेतला, पदर सारखा केला आणि त्याच्या आवाजाकडे तोंड वळवून म्हणाल्या, “रोंब नल्ला इरुक्कु, सार.” फार छान आहे, साहेब. मग त्यांनी हात पुढे केला. तुळजाजीराव कोपर देऊन जवळच उभे होते. त्यांचं कोपर अक्कांच्या मनगटाला लागलं. अक्कांनी हात तसाच पुढे नेला आणि माझा दंड धरला.

“चल ग,” त्या म्हणाल्या.

आम्ही पायऱ्या उतरलो. बाहेर भर दुपार होती. फूटपाथच्या फरश्या अशा तापल्या होत्या की माझ्या चपलेतूनही चटका जाणवत होता. तेव्हा माझं अक्कांच्या पायांकडे लक्ष गेलं.

“अक्का, चपला राहिल्या.”

“राहूं देत.”

त्यांनी माझा दंड सोडला नाही, आणि चालणंही थांबवलं नाही. बसचा थांबा रस्त्याच्या पार टोकाला होता. मी एकदा मागे वळून पाहिलं. तुळजाजीराव चार पावलं अंतर ठेवून येत होते. छातीशी दोन्ही हातांत अक्कांच्या चपला होत्या.