मुठीतून दिलेली हजेरी

मित्रांनो, तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढाच मी आहे. रंगाने राखाडी, अंगाने चपटा, एका कोपऱ्याला अडकवायची कडी. विमानाने जाणाऱ्या सामानाला बांधतात ना, त्यातला मी एक जुना टॅग. कोणतं खोकं कुठे पोचलं हे संगणकाला कळावं म्हणून आमची नेमणूक. शिकलेली माणसं आम्हाला आरएफआयडी म्हणतात. आमच्या गोदामातले हमाल पैलवान मात्र 'बिल्ले' म्हणायचे. मला तेच आवडायचं.

सध्या माझा मुक्काम एका टेबलाच्या खालच्या खणात आहे. सोबतीला एक वाळलेलं पेन, थोड्या टाचण्या आणि लहान मुलाच्या तापाच्या औषधाचं एक झाकण. त्यांच्यापैकी कोणी बोलत नाही. मीही नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याची केसासारखी बारीक, नागमोडी नक्षी बसवली आणि तिच्या मधोमध तिळाहून लहान एक चिप. एवढंच माझं काळीज. आत बॅटरी नाही. त्यामुळे मी आपणहून एक अक्षरही बोलू शकत नाही. कोणी रेडिओ लहरींनी हाक मारली, तर त्या हाकेतलीच थोडी ताकद उसनी घेऊन मी उत्तर देतो. हाक थांबली की मी मुका. ऐकू मात्र सगळं येतं.

तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला यंत्रासमोर धरलं. यंत्राने विचारलं, "कोण?" मी माझा लांबलचक नंबर सांगितला. "हा बोलला," असं म्हणून त्यांनी मला पेटीत टाकलं. माझ्या शेजारचा भाऊ बोलला नाही. त्याला दुसऱ्या डब्यात टाकलं. त्याचं पुढे काय झालं, कोण जाणे.

मग मी विमानतळाच्या मालगोदामात आलो. बाहेर एक लांब धक्का होता, त्याच्यावर पत्र्याचं छप्पर. मालाच्या गाड्या तिथे लागत. धक्क्यावरून आत जायला एक मोठी कमान होती, दोन्ही बाजूंना हाक मारणारी यंत्रं बसवलेली. कमानीच्या पलीकडे कोरड्या मालाची खोली आणि तिच्या पुढे शीतघर. खोकं कमानीखालून गेलं की कमान विचारायची, "कोण?" मी नंबर सांगायचो. कमानीवर हिरवा दिवा लागायचा, आणि आत टेबलाशी बसलेल्या ताईंच्या पडद्यावर एक ओळ उमटायची: आत आलं.

सुरुवातीला आमचं कोण कौतुक! त्याआधी माणसं हातात कागद घेऊन खोकी मोजत फिरायची. मोठे साहेब आले, हिरवा दिवा लागताना पाहिला आणि म्हणाले, "झालं! आता कोणी जागेवरून उठायला नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली. त्या वाक्यात काय दडलं होतं, ते तेव्हा कोणालाच कळलं नाही. मलाही नाही.

मित्रांनो, मी किती जणांसोबत राहिलो म्हणून सांगू! गुलाबांच्या पेट्या, पंपांचे सुटे भाग, चष्म्यांच्या काचा, एकदा तर पिंजऱ्यातलं कुत्र्याचं पिल्लू. ते बिचारं घाबरून थरथरत होतं. बांधायला दुसरं काही नाही म्हणून मला त्याच्या पिंजऱ्याच्या दाराला लटकवलं होतं. त्याने मला खूप वेळ चाटलं. मला तोंड असतं, तर मी त्याच्याशी बोललो असतो. पण कमान आली आणि तिने नेहमीचंच विचारलं, "कोण?" मी नेहमीचंच सांगितलं. पुढच्या गावी माझी कडी सोडवली, मला परत पाठवलं. पिल्लाला घरी कोणी भेटलं का, ते समजलं नाही. शेकडो जणांना मी पोचवलं, पण एकाचंही पुढचं मला ठाऊक नाही. कमानीने एकदा तरी विचारावं, 'कसा आहेस रे?' असं फार वाटायचं.

आमच्यात एक खोट होती. पाणी आणि धातू यांच्यापुढे आमचा आवाज दबतो. औषधांची खोकी चंदेरी कागदात गुंडाळलेली आणि आत बर्फाच्या पिशव्या. तशा खोक्याला बांधलं की कमान हाक मारते, आम्ही ओरडतो, पण तिला काही ऐकू जात नाही. लाल दिवा लागतो. मग हातगाडी मागे घ्या, पुन्हा ढकला, पुन्हा लाल.

यावर हमालांनीच तोडगा काढला. तोडगा काढणाऱ्यांत पैलवान पहिले. नाव पैलवान, पण अंगाने काडी. उचलायचे मात्र दोघांचं ओझं. ते चंदेरी खोक्यांवरचे बिल्ले सोडवायचे, मुठीत धरायचे, हात उंच करून कमानीखालून एकटेच चालत जायचे. टिंग, टिंग, टिंग! सगळे हिरवे. "घ्या, वर्गाची हजेरी झाली!" असं म्हणून ते हसायचे. मग खोकी गाडीवर घालून आत न्यायची आणि शीतघरात बिल्ले पुन्हा ज्याचे त्याला बांधायचे. सगळे असंच करायचे. वेळ वाचायचा आणि कधी काही बिघडायचं नाही.

एका दुपारी चार चंदेरी खोकी आली. सगळ्यात लहान, अकरा किलोचं खोकं माझं. त्याच्यावर लिहिलं होतं: 'औषध. तापमान दोन ते आठ अंश. ऊन लागू देऊ नये.' बाजूला काचेची छोटी खिडकी आणि आत तापमानाचा काटा. काटा तीनवर होता.

पैलवानांनी आम्हा चौघांना मुठीत घेतलं, हजेरी दिली आणि खिशात टाकलं. गाडीवर तीनच खोकी मावली. चौथं, माझं, दुसऱ्या खेपेला न्यायचं होतं. तिघांना शीतघरात ठेवून, त्यांचे बिल्ले बांधून ते वळले, तेवढ्यात मुकादमाने हाक मारली.

"अहो पैलवान, या इकडे! लोखंडी फळी अडकलीय, तुमच्याशिवाय हलायची नाही!"

ते धावत गेले. फळी तासाभराने हलली. तोवर खोकं डोक्यातून पार निघून गेलं होतं. आणि मी? मी खिशात होतो. माझं खोकं बाहेर धक्क्यावर, एकटं.

त्याच वेळी ताईंच्या टेबलावर फोन वाजला होता. पुढचं सगळं मी नंतर त्यांच्या तोंडून ऐकलं.

"मी बाळाची मावशी बोलतेय," पलीकडून एक बाई म्हणाली. "माझी बहीण दवाखान्यात बाळापाशी आहे, तिला हलता येत नाही, म्हणून मीच विचारते. आमचं औषध तुमच्याकडे आलं का? आज संध्याकाळच्या विमानाने नाही निघालं, तर पुढचं विमान तीन दिवसांनी आहे म्हणतात. डॉक्टर म्हणाले, बाळाला एवढे दिवस थांबता येणार नाही."

ताईंनी पडद्यावर पाहिलं. माझी ओळ होती: आत आलं.

"आलंय हो. शीतघरात आहे. तुम्ही निश्चिंत राहा."

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. कमानीने विचारलं होतं, कोण? मी म्हणालो होतो, मी. मी खरंच आत आलो होतो. पण सगळ्यांनी ऐकलं, की औषध आत आलं.

दोन वाजता पैलवानांची पाळी संपली. पत्र्याखाली ऊन तिरपं सरकू लागण्याची ती वेळ. कामगारांच्या दारालाही हाक मारणारं एक लहान यंत्र होतं, कोणी चुकून काही बाहेर नेऊ नये म्हणून. मला वाटलं, हीच एक संधी. यानंतर मी त्यांच्या घरच्या खुंटीवर लटकणार आणि मला कोणी विचारणार नाही.

यंत्राने हाक मारली, "कोण?"

मी जीव खाऊन नंबर सांगितला. पण एका बाजूला पैलवानांचं घामेजलं अंग, दुसऱ्या बाजूला काखोटीला मारलेला स्टीलचा डबा. माझा आवाज मधेच विरला. दार गप्प. पैलवानांचं एक पाऊल बाहेर पडलं.

तेवढ्यात त्यांनी सायकलची किल्ली काढायला खिशात हात घातला. किल्लीच्या दोऱ्यात माझी कडी अडकली आणि मी उजेडात आलो. दाराने पुन्हा विचारलं. या वेळी मी खणखणीत बोललो.

टीं टीं टीं! दारावरचे पहारेकरी मामा खुर्चीतून उठले.

"काय पैलवान, आज काय उचललंत?"

"रिकामा डबा आहे मामा. हुंगून बघता का?"

इतक्यात मामांच्या टेबलावरचा फोन वाजला. ताई होत्या. "मामा, दारातून कोण जातंय? शीतघरातलं औषधाचं खोकं तुमच्या दारात दिसतंय मला!"

मामांनी फोन पैलवानांच्या हातात दिला.

"ताई, अकरा किलोचं खोकं काय मी खिशात घालून नेतोय?" पैलवान हसत म्हणाले. मग त्यांनी हाताकडे पाहिलं. किल्लीच्या दोऱ्याला मी लोंबत होतो. त्यांचं हसू तिथल्या तिथे विझलं.

"अगं आई गं," ते पुटपुटले. "ताई, ते आत नाहीच. धक्क्यावर आहे. माझ्या हातून राहिलं."

ते धावत सुटले. मी त्यांच्या मुठीत. समोरून ताई धावत आल्या, एका पायातली चप्पल वाटेतच सुटलेली. खोकं होतं तिथेच होतं. उन्हाचा पट्टा त्याच्या अर्ध्या अंगावर चढला होता. ताई गुडघ्यांवर बसल्या, हाताच्या आडोशाने काचेत पाहिलं.

"ताई, सांगा ना," पैलवान म्हणाले.

"सात. सातवर आहे."

पैलवानांनी खोकं पोटाशी धरलं आणि ते शीतघराकडे निघाले. गाडी नाही, मूठ उंच करणं नाही. कमानीवर लाल दिवा लागला, तरी ते थांबले नाहीत.

खोकं संध्याकाळच्या विमानाने गेलं. ते जाईपर्यंत ताई तीनदा उठून त्याला पाहून आल्या. पैलवान घरी न जाता त्याच्याजवळ बसून राहिले. "अहवालात माझं नाव लिहा ताई," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

"लिहीन. त्याखाली माझंही लिहीन," ताई म्हणाल्या. "मी त्या बाईंना शब्द दिला, आणि वीस पावलं चालून बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, तेव्हा मी ताईंच्या टेबलावरच पडलो होतो. "पोचलं हो. पहिला डोस दिला. बाळ झोपलंय." ताई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं." मग फोन ठेवला आणि डोळ्यांवर ओंजळ धरून बसल्या. मला मात्र पहिल्यांदाच कोणाचं तरी पुढचं कळलं होतं.

त्यानंतर नवे टॅग आले. ते खोक्याला पक्के चिकटवलेले असतात. चंदेरी कागदावरूनही त्यांचा आवाज पोचतो. त्यांना मुठीत घेता येत नाही. आम्हा जुन्यांना गोळा करून नेलं. मला तेवढं ताईंनी ठेवून घेतलं आणि या खणात टाकलं. इथे कमान नाही. मला कोणी हाक मारत नाही. कित्येक दिवसांत मी माझा नंबरही उच्चारलेला नाही. कधी कधी मनातल्या मनात म्हणून पाहतो, विसरलो तर नाही ना!

मित्रांनो, माझ्यासारख्याला जपून वापरा, पण आमच्यावर सगळं सोपवून बसू नका. आम्ही फक्त 'आलो' एवढं सांगतो. बरं आहे का, ऊन तर लागत नाही ना, हे आमच्याने सांगवत नाही. ते बघायला कोणीतरी उठावं लागतं. ज्याची वाट पाहत कुणीतरी बसलं आहे, त्याच्यापाशी एकदा स्वतः जा.

कधी टाचणी हवी असली, की ताई खण उघडतात. उजेड येतो. त्यांची नजर माझ्यावर पडते. त्या क्षणभर थांबतात. मग खण उघडाच ठेवून खुर्ची मागे सरकवतात, आणि त्यांच्या चपलांचा आवाज शीतघराच्या दिशेने जात राहतो. मी तो मोजतो. बरोबर वीस पावलं.