चिंचोक्याची खळ आणि पुण्याचे भागीदार

सुदीपची बहीण भाग्या, तिच्या धाकट्याचं जावळ नंजनगूडला काढलं, ते साल दोन हजार बावीस. परतताना गाडीतच सुदीपने काकांना बातमी सांगितली. "काका, पुण्याच्या कंपनीशी आमचा टाय-अप होणार. मग बघा, आम्ही कुठल्या कुठे!"

"आत्ता कुठे आहोत ते आधी बघ," गुंडुराव म्हणाले.

सुदीप त्यांचा पुतण्या. घराणं रंगाऱ्यांचं, पिढ्यांपासून कन्नड मुलखात राहिलेलं मराठी. आजोबा अग्रहार पेठेत कापड रंगवायचे. आता बेळगोळला सुदीपचा कारखाना होता, रेशमावर छपाई करायच्या रंगांचा. पुढे मोठी शेड आणि मशिनं. मागे पत्र्याची एक खोली, तिला सगळे ट्रायल रूम म्हणायचे. तिथे गुंडुराव, तुळसी आणि वेंकोजीराव अशी तीन माणसं बसून काहीतरी शिजवायची, नासवायची, पुन्हा शिजवायची. दर साल-दोन सालांनी त्या खोलीतून एखादा नवा जिन्नस निघायचा आणि पुढची शेड त्यावर पोट भरायची. शेवटचा जिन्नस म्हणजे चिंचोक्याच्या पिठाची खळ, मेथीच्या पाण्यात मुरवलेली. तिच्यात कालवलेला रंग रेशमावर केसभरही पसरत नसे. गुंडुरावांना अक्षरं आली ती चाळिशी उलटल्यावर, पण खळीची तार त्यांनी कधी कुणाला विचारून पाहिली नव्हती.

पुण्याहून अलका मॅडम आल्या. त्यांची स्वच्छ मराठी ऐकून सुदीपच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आपण मिळून संशोधन करू," मॅडम म्हणाल्या. "आपण नवे बाजार शोधू. आपण एकमेकांकडून शिकू. आणि जे काही निघेल, त्याच्या पेटंटची नोंदणी आम्ही करू."

मॅडम हात धुवायला गेल्या तसे गुंडुराव पुतण्याकडे वाकले. "सुद्या, ऐकलंस? इतका वेळ 'आपण, आपण'. नोंदणी आली तसं 'आम्ही'."

"एकच की हो, काका. 'आपण' काय, 'आम्ही' काय, दोन्ही 'नावु'च, अष्टे."

"कन्नडात एक. मराठीत 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर. तू बाहेर बसलास, बाळ."

"अय्यो, ती लोकं आमच्या भाषेची. फसवतील काय?"

"फसवलं कुठे? भाषेची आहे म्हणून तर नेमका शब्द वापरला. तोंडावर सांगितलं तिने. तुलाच ऐकू आलं नाही."

करार साठ पानांचा होता. सुदीपने पहिलं पान वाचलं आणि सही करायचं पान वाचलं. मग हार, शाल, फोटो. एका कन्नड पेपरात तो फोटो छापूनही आला, त्यात गुंडुराव अर्धे कापले गेले होते.

पुढे जे झालं त्याला सुदीप 'इनोव्हेशन' म्हणायचा. खळीची कृती पुण्याला गेली. आता संशोधन तिकडे, म्हणून ट्रायल रूम बंद. तिथे भुशाच्या पोत्यासारखी गुबगुबीत आसनं आली आणि दारावर पाटी लागली, 'सहयोग कक्ष'. तुळसीला पॅकिंगला लावलं. वेंकोजीराव हूटगळ्ळीच्या एका फर्निचरच्या दुकानात गेला. एका भागीदाराने चटक लागली म्हणून आणखी आणले: बंगळूरची मोबाईलवर रंग ओळखणारी कंपनी, एक कॉलेज, परदेशातली एक प्रयोगशाळा. महिन्यातून एकदा सगळे त्या पोत्यांवर बसून बिस्किटं खायचे आणि एकमेकांना विचारायचे, नवीन काय? ज्या माणसाला नवीन काही कळलं असतं ते तिकडे खोकी बांधत होतं. चार भागीदार, दोन वर्षं, आणि नवा जिन्नस एकही नाही.

पेटंट मात्र मिळालं. पुण्याच्या नावावर.

"तुमची खळ आता पुण्याची सून झाली," अन्नपूर्णा नवऱ्याला म्हणाली. "माहेरी यायचं तर सासरी विचारून."

"नांदेल तर खरी," गुंडुराव म्हणाले. रात्रीचं जेवण मात्र त्यांना गेलं नाही. कागद गेला त्याचं त्यांना फार नव्हतं. हात रिकामे झाले, ते खुपत होतं. खळ पुरती शिकलेलं माणूस त्यांच्यामागे एकही उरणार नव्हतं.

सून काही नांदली नाही. पुण्यात केलेल्या खळीने रंग साडीभर पसरू लागला. साड्या छापणाऱ्या कारखान्यांनी पिंपं परत धाडली. पुण्याने म्हटलं, कृतीच अर्धवट दिली. सुदीपने म्हटलं, तुम्हाला करता येत नाही. शेवटी गुंडुरावांना सहयोग कक्षात बोलावलं. ते पोत्यावर बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले.

"काका, नेमकं प्रमाण सांगा," अलका मॅडम म्हणाल्या. "चिंचोक्याचं पीठ किती ग्रॅम?"

"चिंचोका यंदाचा की गेल्या सालचा?"

"सरासरी धरा."

"सरासरी चिंचोका कुठल्या झाडाला लागतो, मॅडम?"

सुदीप कळवळला. "काका, मस्करी नको. कारखाना बुडेल."

"मग ऐक. तुळसी आणि वेंकोजीराव मला परत द्या. दोन पावसाळे माझ्याजवळ बसू देत. खळ कधी झाली ते हाताला कळतं, कागदाला कळत नाही."

सुदीपने मॅडमकडे पाहिलं. "संशोधनाची माणसं करारात तुमच्याकडे."

"माणसं तुमच्या कारखान्यातली," मॅडम म्हणाल्या. "ती तुमच्याकडे."

दोघंही अगदी नम्र होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला. माणसं कुणीच दिली नाहीत. त्याऐवजी 'ज्ञानाचं जतन' म्हणून कॅमेरेवाले पाठवले. त्यांनी दोन दिवस चित्रण केलं. गुंडुरावांनी हातचं काहीच राखलं नाही, चिंचोके भाजले, कुटले, शिजवले, दोन बोटांत खळ धरून तार पाहिली आणि म्हणाले, "हां, आता." कॅमेऱ्यात ते स्वच्छ आलं आहे: म्हातारा, पातेलं, आणि "हां, आता."

ती फीत बघून पुण्याच्या माणसांनी सात वेळा खळ केली. सातही वेळा फेकली. आठव्या वेळी विचारायला म्हणून त्यांनी अग्रहारातल्या घरी फोन लावला. अन्नपूर्णेने तो उचलला आणि तेरावा कालच झाला एवढंच सांगून ठेवून दिला.

गुंडुराव मंगळवारी, अकरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी, पहाटे राहत्या घरी वारले. वय शहात्तर होतं.