मेंढ्याच्या बदल्यात आलेला पियानो

मित्रांनो, जरा पटकन ऐका. नारायणगावच्या एसटी स्टँडवर मी बाकड्याला टेकून उभा आहे आणि गाडी कधीही लागेल. मी एक जुना पियानो आहे. दिवाणखान्यातला लाकडी, राजबिंडा पियानो मात्र डोळ्यांपुढे आणू नका. मी विजेवर चालणारा, दोन हातांनी उचलता येणारा, त्र्याहत्तर पट्ट्यांचा. अंगावर काळ्या घोंगडीची खोळ आहे. येणारे-जाणारे वळून बघतात. मघाशी एका म्हातारीनं माझ्या मालकिणीला विचारलंसुद्धा, "काय गं पोरी, आत काय निजवलंय?"

निजणं माझ्या नशिबात नाही. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पट्ट्या बसवल्या, प्रत्येक पट्टी एकेकदा दाबून पाहिली आणि मला खोक्यात घातलं. तेव्हापासून जो हलतोय, तो हलतोच आहे.

पुण्याच्या दुकानातून मला नारायणगावच्या चिमाजीनं आणलं. त्याची लग्नाच्या वरातीत वाजवणारी पार्टी होती. टेम्पोवर उभा राहून मी वाजायचो, खाली माणसं नाचायची. हळदीचे हात माझ्यावर पडले, चहा सांडला, एका पट्टीचा कोपरा उडाला. पण खंडेनवमीला चिमाजी मला पाटावर बसवून झेंडूची माळ घालायचा. त्यानं लावलेलं कुंकू अजून माझ्या एका फटीत आहे. "आपली लक्ष्मी हाय ही," असं तो सगळ्यांना सांगायचा.

मग एक दिवस रंगीत दिवे लुकलुकणारा नवा पियानो आला आणि लक्ष्मी कर्ण्यांच्या ढिगाखाली गेली. तीन वर्षं मी अंधारात होतो. पालीनं माझ्या पोटाशी अंडी घातली. मित्रांनो, धूळ सोसता येते हो, पण बोटांची सवय लागलेल्याला गप्प पडून राहणं सोसत नाही.

तिथे मला आशा भेटली.

आशा बोरी बुद्रुकची, म्हस्कूआबा आणि गजराबाई या धनगर नवरा-बायकोची मुलगी. त्यांना थोडी शेती होती, पण म्हस्कूआबाचा जीव मेंढरांत. आशा पुण्याला कॉलेजात गेली. वसतिगृहाच्या वाटेवरच्या एका हॉटेलात एक म्हातारे गृहस्थ संध्याकाळी पियानोवर जॅझ वाजवायचे. ही फुटपाथावर उभी राहून ऐकायची. पुढे त्यांनीच तिला आत बोलावलं आणि शिकवलं. पण शिकायचं म्हणजे घरी वाजवायला काहीतरी हवं. म्हणून बापलेक चिमाजीच्या दारात आले.

चिमाजीची म्हस्कूआबाच्या शिंगाळ्या मेंढ्यावर कधीपासूनची नजर होती.

"मेंढा दे, पेटी ने," चिमाजी म्हणाला.

म्हस्कूआबानं मला चारी बाजूंनी न्याहाळलं. बाजारात जनावराचे दात बघतात तशा माझ्या पट्ट्या बघितल्या. "मेंढा चालतो तरी, राव," तो म्हणाला. "ह्याला उचलून न्यावं लागतंय."

पण मेंढा दिला. मला खांद्यावर घेऊन तो बोरीला आला आणि त्या दिवसापासून घरात माझं नाव मेंढा पडलं. पुढे आशा मला पुण्याहून घेऊन सुट्टीला आली की आधी मुलीची नाही, माझी चौकशी. "काय म्हनतोय माझा मेंढा? खातोपितो का?"

पुढची अकरा वर्षं आम्ही दोघं फिरलो. आशाच्या मागे कुठलीही कंपनी नव्हती. ती स्वतःच फोन लावायची. "नमस्कार, मी आशा, पियानो वाजवते. हो, एकटीच. नाही, सोबत डान्स नाही." गोवा, बंगळूर, कोलकाता, पार शिलाँगच्या थंडीपर्यंत आम्ही गेलो. रेल्वेत ती वरच्या बर्थवर मला झोपवायची आणि स्वतः पाय दुमडून कडेला बसायची. गुडघ्यावर वही. सूर सुचला की लिहायचा, नाही सुचला की खिडकीच्या गजावर बोटं वाजवायची. तिची बोटं थांबलेली मी पाहिली नाहीत. जेवताना ताटावर, बोलताना स्वतःच्याच मनगटावर.

कौतुकही झालं. गोव्यात एका पाहुण्यानं जेवण तसंच सोडून दोन तास ऐकलं. पण बहुतेक ठिकाणी काटे-चमचे माझ्यापेक्षा मोठ्यानं वाजत. "मॅडम, जरा हळू वाजवा, टेबल नंबर चारला बोलता येत नाहीये," असंही आम्ही ऐकलं. आशा हसायची. खोलीवर आली की पिशवी न उघडताच पुढच्या गावाची गाडी बघायची.

जॅझ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. एकदा म्हस्कूआबानं तेच विचारलं होतं.

"आबा, आपल्या गजनृत्यात नाचताना तुम्ही ओवी धरता," आशा म्हणाली. "चाल ठरलेली. पण मधे मनानं काहीबाही घालता ना? दुसरा त्याला उत्तर देतो?"

"मग! तीच तर गंमत."

"तेच जॅझ."

म्हस्कूआबा विचारात पडला. "म्हंजी आमी इतकी वर्सं ज्याज करत व्हतो? आन् आमाला कुनी सांगितलं बी न्हाई?"

त्याच्या एका ओवीनं आशाला अनेक वर्षं झोपू दिलं नव्हतं. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. दोन-तीन रात्री झाल्या की धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या, भांडीकुंडी, सारं उठून पुढच्या रानात. त्या उठण्याच्या वेळी म्हस्कूआबा गायचा:

*तीन राती ह्या रानात, चौथ्या पहाटं उठाव*
*मेंढराच्या खुरांखाली, चालू लागलं गं गाव*

या ओवीवरून आशा स्वतःची एक मोठी रचना बांधत होती. तिनं नाव दिलं होतं 'बिऱ्हाड'. सूर निघायचे, पांगायचे, डोंगर चढायचे आणि दर वेळी एका सुरावर परत यायचे. तो सूर माझ्या मधल्या सप्तकातली काळी दोन, म्हणजे दुसरी काळी पट्टी. का, तर म्हस्कूआबाचा आवाज त्याच पट्टीतला. सगळं जमलं होतं, फक्त शेवट जमत नव्हता. दोन वर्षांत तिनं तीसेक शेवट लिहिले आणि खोडले.

अशात मूळचा ओझरचा, पुण्यात गाण्याचे कार्यक्रम करणारा सुदर्शन तिला म्हणाला, "आशाताई, छोटं सभागृह घेतलंय. जेवण नाही, टेबलं नाहीत. लोक फक्त तुमचं 'बिऱ्हाड' ऐकायला येतील. झालंय ना पुरं?"

"झालंय," आशानं ठोकून दिलं.

फोन ठेवून ती माझ्यासमोर बसली. "शेवट सापडला नाही, मेंढ्या," ती मला म्हणाली, "तर जन्मभर आपण टेबल नंबर चारच्या शेजारी."

शेवट शोधायला आम्ही आठ दिवस बोरीला आलो. ओसरीवर ती सकाळपासून वाजवत बसायची. उठायची, उसाच्या कडेनं नदीपर्यंत जायची, परत यायची. एकदा तिनं म्हस्कूआबाला समोर बसवून सगळं ऐकवलं. शेवटी काळी दोन लांबवर धरली, हात उचलले आणि विचारलं, "शेवट कसा वाटला, आबा?"

"शेवट व्हता व्हय?" म्हस्कूआबा दचकला. "मला वाटलं, पानी प्यायाला थांबलीस."

त्या दिवशी ती जेवली नाही.

गजराबाईचं लक्ष माझ्याकडे होतं. तिला माझी फाटकी खोळ दिसत होती. तिनं जुनी घोंगडी उसवली, माझ्या मापानं शिवली आणि वर चिंचोक्याची खळ चढवली. घोंगडीला खळ दिली की ती ताठ होते, पाऊस आत घेत नाही. निघायच्या सकाळी आशा घाईत होती. खोळ अजून ओलसर होती. गजराबाईनं ती तशीच माझ्यावर चढवून सुतळीनं घट्ट आवळली.

मित्रांनो, मला तेव्हाच कळलं होतं. पण माझी विजेची तार जोडलेली नव्हती. तार नसेल तर मी मुका.

गाडीत मी आडवा होतो. खळ हळूहळू पट्ट्यांच्या फटींतून आत उतरली. पुण्यात पोचेपर्यंत उकाड्यानं ती वाळली. दुपारी सभागृहात आशानं खोळ काढली, मला तार जोडली आणि हात ठेवले. मधल्या सात पट्ट्या दगडासारख्या घट्ट बसल्या होत्या. त्यांत काळी दोन.

कार्यक्रम सहाला होता. म्हस्कूआबा आणि गजराबाई पहिल्यांदाच मुलीच्या कार्यक्रमाला आले होते, भाकरीचं गाठोडं घेऊन पहिल्या रांगेत बसले होते.

"आये! ओली खोळ घातलीस?"

"तू घाईत व्हतीस ना गं," गजराबाई उठून आली. "म्हनलं, वाटंत वाळंल. वाड्याचं समदं घोड्याच्या पाठीवर वाटंतच वाळतं."

"हा घोडा आहे का, आये!"

सभागृहात तो आवाज घुमला. गजराबाईचा चेहरा एवढासा झाला. सुदर्शन दुसरा पियानो मिळतो का म्हणून चार ठिकाणी फोन लावत होता. त्या दिवशी सगळे पियानो कुठे ना कुठे गेलेले. आशा पायरीवर बसली. तिची बोटं, मित्रांनो, पहिल्यांदाच स्वस्थ होती. मला त्याचीच भीती वाटली.

गजराबाईनं मात्र बाहेरच्या चहावाल्याकडून पेलाभर गरम पाणी आणलं.

"पाणी नको, आये, आत वीज असते."

"वीज बंद कर की मग. खळ कुनी लावली? मी. मग सोडवनार बी मीच." तिनं पदरात बांधलेली लोकरीची गुंडाळी काढली, पाण्यात बुडवली, घट्ट पिळली आणि नुसत्या वाफेनं एकेक पट्टी पुसायला बसली. कोकराच्या डोळ्यातली घाण काढावी इतक्या हलक्या हातानं. थोड्या वेळानं आशाही शेजारी येऊन बसली. एक पट्टी सुटली, दुसरी सुटली. सहाला दहा कमी असताना सहा पट्ट्या मोकळ्या झाल्या.

काळी दोन सुटली नाही.

लोक आत येत होते. आशानं आईचे ओले हात आपल्या ओढणीला पुसले आणि म्हणाली, "बस जा आबांजवळ. बघू."

'बिऱ्हाड' सुरू झालं. सूर निघाले, पांगले, डोंगर चढले. मग घरी यायची वेळ झाली. आशाचं बोट सवयीनं काळी दोनवर पडलं आणि सूर आलाच नाही. नुसता आवाज आला: टक्.

शांत सभागृहात तो सगळ्यांनी ऐकला. आशाची पाठ ताठ झाली. ती पुढे गेली, वळण घेऊन परत आली. पुन्हा टक्. घर जागेवर नव्हतं. बाहत्तर पट्ट्या धावत होत्या आणि त्र्याहत्तरावी दार लावून बसली होती.

तिसऱ्यांदा टक् झालं आणि पहिल्या रांगेतून उत्तर आलं. टक्!

म्हस्कूआबा होता. मागे राहिलेल्या मेंढराला बोलवायला धनगर टाळ्याला जीभ लावून असाच आवाज काढतात. त्याला भानच नव्हतं. गजराबाईनं कोपर मारलं. "अवो, गप! लोकं बघत्यात!"

लोक हसले. आशाही हसली आणि तिची बोटं सुटली. तिनं मुद्दाम काळी दोनवर दोनदा मारलं: टक् टक्. म्हस्कूआबानं एकदा बायकोकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि उत्तर दिलं: टक् टक् टक्. ती डावीकडे वळली, तो मागोमाग. ती थबकली, त्यानं हाकारलं. ठरलेलं काहीच नव्हतं आणि चुकत काहीच नव्हतं. मला तिच्या बोटांतून कळत गेलं की दोन वर्षं ती ह्या रचनेला घरी आणायला बघत होती, आणि ती ज्या ओवीतून निघाली तिच्यात घर नव्हतंच. तिच्यात चौथी पहाट होती, उठाव होता.

शेवटी तिनं सगळे सूर एकेक करून पुढे हाकलले, लांब, अजून लांब, ऐकू येईनासे होईपर्यंत. मग हात मांडीवर ठेवले. वाजायचं काहीच उरलं नाही. बऱ्याच वेळानं म्हस्कूआबानं हळूच, मागच्या शेवटच्या कोकराला बोलवावं तसं केलं: टक्.

तो शेवट होता. ह्या वेळी कुणालाही ती पाणी प्यायला थांबली असं वाटलं नाही.

बाहेर आल्यावर म्हस्कूआबानं माझ्यावर थाप मारली. "चालला की गं माझा मेंढा!"

पुढच्या आठवड्यात काळी दोन दुरुस्त झाली. वाजवणाऱ्याला बाकीच्या गाण्यांसाठी सगळ्या पट्ट्या लागतात. आता 'बिऱ्हाड'च्या शेवटी आशा माझ्या कडेवर बोटानं ठोकते, आणि प्रत्येक गावात ऐकणाऱ्यांतून कुणी ना कुणी उत्तर देतं. शिलाँगच्या लोकांची टक् वेगळी असते, गोव्याची वेगळी. गजराबाईनं खोळ धुऊन पुन्हा खळ दिली आणि तीन दिवस छपरावर उन्हात ठेवली. तिसऱ्या दिवशी आशानं स्वतः गालाला लावून बघितली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या घरी कुणी माझ्यासारखा जुना असेल तर त्याला जपा. पण जपायचं म्हणजे गुंडाळून ठेवायचं नव्हे. आधी त्याला काय सोसतं ते विचारा, आणि मुका असेल तर हात लावून बघा. रोज थोडा वेळ वाजवा. चुकून कुणी मायेनं काही बिघडवलं, तर ओरडण्याआधी शेजारी बसून पुसू लागा. एवढंच माझं मागणं.

गाडी लागली वाटतं. कंडक्टर घाई करतोय. आशा वही पिशवीत कोंबतेय. म्हस्कूआबा पोचवायला आलाय. त्यानं मला उचलून डिकीत ठेवलं, खोळीवरून हात फिरवला आणि झाकण लावता लावता, कुणी बघत नाही असं पाहून, जीभ टाळ्याला लावली.

टक्.

निघालो.