बारा बधिर पाय

बुटांना सोल चिकटवायच्या खोलीत खिडक्या उघडायला बंदी होती. वाऱ्याबरोबर धूळ येते, धूळ ओल्या सोल्युशनवर, म्हणजे चिकटवायच्या गोंदावर, बसते आणि मग सोल धरत नाही, असं साहेबांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. एका लांब टेबलाभोवती सहाजणी बसायच्या. ब्रशने सोल्युशन लावायचं, दहा मिनिटं सुकू द्यायचं, बोटाच्या मागच्या बाजूने चाचपायचं आणि बोट ओढलं गेलं पण ओलं झालं नाही की दोन्ही भाग एकमेकांवर दाबायचे. सहाजणींत थोरलीचं बोट सगळ्यात पक्कं. अकरा वर्षं ती त्या टेबलाशी होती.

घड्याळाखाली साहेबांनी एक पाटी लावून घेतली होती: 'एकजूट हीच ताकद'. मोठी मागणी आली की साहेब त्या पाटीखाली उभे राहायचे आणि म्हणायचे, "चला, आता सगळे एकजुटीने लागू या!" याचा अर्थ जेवणाची सुट्टी निम्मी, एवढाच असायचा. आणि साहेब स्वतः पूर्ण सुट्टी घेऊन जेवायचे, हे वेगळं सांगायला नको.

थोरलीला सगळे थोरली म्हणायचे, कारण तिची धाकटी जाऊ त्याच टेबलाशी तिच्या शेजारी बसायची. दोन वर्षांपूर्वी थोरलीनेच तिला आणलं होतं. "घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा चल माझ्याबरोबर," म्हणाली होती. आणि जावा-जावांचं जसं जगात कुठे जमत नाही, तसं या दोघींचं जमलं होतं. धाकटी हसरी, कामसू आणि थोरलीच्या शब्दाबाहेर नसलेली. हा शेवटचा गुण फार वाईट, पण ते नंतर कळायचं होतं.

आधी धाकटी जिन्यावर अडखळायला लागली. सगळ्या हसल्या, "काय गं, नवऱ्याची आठवण येते का चालताना?" तीही हसली. मग एक दिवस घरी तिच्या पायावर उकळतं पाणी सांडलं आणि ती तशीच भांडी घासत राहिली. पाऊल लाल होऊन फोड आलेले थोरलीने पाहिले. तिने नुसतं बोट दाखवलं तेव्हा धाकटीने खाली पाहिलं.

"अगंबाई!" धाकटी म्हणाली. ओरडली नाही. ओरडण्यासारखं तिला काही कळलंच नव्हतं.

घराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. हे त्या सोल्युशनच्या वासाने होतंय. आत्ता तिथून उठली तर हळूहळू भरून येईल. बसून राहिली तर बधिरपणा वर चढत जाईल आणि मग पाय परत मिळतील याची खात्री कुणी देणार नाही. पण माल भरायच्या हवेशीर खोलीत बदली हवी तर कारखान्याच्या डॉक्टरचं पत्र लागणार होतं, आणि ते पत्र मागायचं म्हणजे तक्रार करायची.

तक्रार करून काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागे एकीने डोळ्यांची तक्रार केली. एकटीने केली. आठ दिवसांत तिच्या जागी दुसरी आली.

जेवणाच्या सुट्टीत सहाजणी जिन्यात बसल्या. दोघी जावा, टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या मायलेकी, तोंडाला कधी कुलूप नसलेली बडबडी आणि सहाजणींत सगळ्यात जास्त शिकलेली, म्हणून मास्तरीण म्हणवणारी.

"एकीला काढतात," थोरली म्हणाली. "सहाजणींना काढलं तर टेबलच बंद पडेल. सगळ्यांनी तक्रार करायची. सगळ्यांचे पाय बधिर."

"पण माझे तर ठणठणीत आहेत," माय म्हणाली.

"मग एकजूट कशाला म्हणतात? ती पाटी काय नुसती वाचायला आहे? एकीचा पाय गेला की सहाजणींचे बारा पाय गेले. याला एकजूट म्हणतात."

बडबडीने टाळी वाजवली. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मान हलवली. मास्तरीण म्हणाली, "खोटं पचायला हवं मात्र." पण तिने अर्ज लिहिला, आणि तोही झोकात. धाकटी तर रडायलाच लागली. आपल्यासाठी पाचजणी पाय बधिर करून घेताहेत, हे तिला फार मोठं वाटलं. थोरलीलाही छाती भरून आल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी घडवतोय असं तिला वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

कारखान्याचे डॉक्टर आठवड्याने आले. हातात घड्याळ, खिशात सुई आणि जायची घाई. आत पहिली गेली थोरली.

"डोळे मिटा. सुई टोचलेली कळली की हो म्हणा. कळली नाही की नाही म्हणा."

थोरलीने डोळे घट्ट मिटले. सुई टोचली, चांगली कळली, आणि तिने चेहऱ्यावर काही न दाखवता म्हटलं, "नाही." आठ वेळा टोचली, आठ वेळा नाही. एकदाही पाय हलू दिला नाही. डॉक्टर काहीतरी लिहीत होते. आपण शहाण्या डॉक्टरला कसं गुंडाळलं, या खुशीत ती बाहेर आली आणि रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकीच्या कानात सांगत गेली, "सोपं आहे. टोचलं की लगेच नाही म्हणायचं."

शेवटी धाकटी होती.

"ताई, पण टोचलेलं मला कळतच नाही. मग नाही कधी म्हणू?"

हा प्रश्न ऐकून दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे थांबली असती. थोरली थांबली नाही. एकीचं उत्तर वेगळं आलं तर सगळं फिसकटेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"डोळे किलकिले ठेव. सुई दिसली की म्हण. सगळ्यांसारखं झालं पाहिजे."

धाकटीने ऐकलं. ती कधी ऐकायची नाही?

चार दिवसांनी साहेबांनी सहाजणींना कचेरीत बोलावलं. डॉक्टरही बसले होते. साहेबांनी कागद वाचला. "'सदर सहाही स्त्रियांना संपूर्ण संवेदना असून त्यांनी संगनमताने खोटी तक्रार केली आहे.' काय म्हणणं आहे?"

"संगनमत म्हणजे?" थोरलीने हळूच विचारलं.

"एकजूटच," मास्तरीण पुटपुटली. "आपण केली की एकजूट. त्यांनी लिहिली की संगनमत."

डॉक्टर कंटाळून म्हणाले, "अहो, ज्याला सुई कळत नाही तो गप्प बसतो. न कळलेल्या सुईला बरोबर त्याच क्षणी नाही कसं म्हणेल? तुम्ही सहाजणी घड्याळ लावल्यासारख्या म्हणत होता. एखादी जरी गप्प राहिली असती, तर मीच तिला मोठ्या दवाखान्यात मशीनच्या तपासणीला पाठवलं असतं."

खऱ्या दुखण्याला खोट्याचं सोंग थोरलीनेच शिकवलं होतं. धाकटी नुसती गप्प बसली असती तर सुटली असती. गप्प बसणं तिला आयतं येत होतं. करायला गेले काय आणि झालं काय, असं म्हणून सुटता येण्यासारखं हे नव्हतं.

साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. तक्रार खोटी होती, आम्ही ती मागे घेतो, आमची प्रकृती उत्तम आहे. खाली सहा सह्यांच्या सहा रेघा. "सहाही सह्या झाल्या तर विषय संपला. एक जरी कमी पडली, तर सहाजणी उद्यापासून घरी. एकजूट आहे ना तुमची? मग सगळ्या मिळून ठरवा."

माय उठली आणि सही केली. मागोमाग लेक. घरात मिळवत्या त्या दोघीच. बडबडी एक शब्दही न बोलता सही करून आली. मास्तरणीने सगळा कागद वाचला, आणि केली.

थोरली उभी राहिली. "साहेब, आम्ही पाचजणी खोटं बोललो. मी शिकवलं त्यांना. पण ही खरी आहे. हिला पुन्हा तपासा. मला काढा हवं तर."

"थोरले, आमचं काय?" माय रडवेली होऊन म्हणाली. "तूच म्हणालीस ना, सगळ्या एक?"

साहेब डॉक्टरांकडे बघून हसले. "आता पाच खोट्या, एक खरी. उद्या आणखी काही असेल. बरं, तिलाच विचारू. काय गं, तुला होतं का काही?"

धाकटीने मायलेकींकडे पाहिलं. बडबडीकडे, मास्तरणीकडे पाहिलं. मग थोरलीकडे पाहून ती चक्क हसली.

"नाही साहेब. ताईंचा जीव आहे माझ्यावर, म्हणून बोलतात. मला काही होत नाही."

"अगं, काय बोलतेस!" थोरली ओरडली.

"चालून दाखव," साहेब म्हणाले.

धाकटी उठली. खुर्चीचा आधार सोडून, मान ताठ ठेवून ती खिडकीपर्यंत चालत गेली आणि वळून परत आली. तिसऱ्याच पावलाला तिची डावी चप्पल पायातून निसटून खोलीच्या मधोमध राहिली होती. तिला पत्ता नव्हता. ती एक पाय अनवाणी घेऊन तशीच रुबाबात चालत आली, आणि येताना त्याच चपलेवर पाऊल देऊन पुढे आली.

सगळ्यांनी पाहिलं. मायने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी चपलेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि बॅग बंद केली.

"चालते की छान," साहेब म्हणाले.

धाकटीने वाकून सही केली आणि पेन थोरलीपुढे धरलं. तिच्या कपाळावर घाम होता, पण डोळे चमकत होते. सगळ्यांसाठी काहीतरी अवघड काम तिने तडीला नेलं होतं.

"ताई," तिने कुजबुजत विचारलं, "नीट चालले ना मी? कुणाला कळलं नाही ना?"

थोरलीने मधोमध पडलेली चप्पल उचलली, खाली बसून धाकटीच्या पायात घातली आणि तिचा पट्टा आवळला. धाकटी वरून बघत होती म्हणूनच तिला ते समजलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"नाही गं," थोरली म्हणाली. "कुणाला नाही कळलं."

आणि तिने सहावी सही केली.