ताईंसाठी टेकू

गेल्या सहलीत ताईंनी मागच्या दारातून, गाडीमागून ओढत न्यायच्या घरवजा कॅम्पर ट्रेलरमध्ये पाऊल ठेवले मात्र, ट्रेलरचे नाक आकाशाकडे गेले. आतली भांडी गडगडत दाराशी आली आणि पिठाचा डबा ताईंच्या अंगावर उपडा झाला. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसला तो त्यांचा धाकटा भाऊ, "ताई, ट्रेलरला धाप लागली बघ!" हे वाक्यही त्याचेच. तेव्हापासून ताई पानात वाढलेले अर्धे परत करू लागल्या, आणि सहलीचा विषय निघाला की गुडघ्यांकडे बोट दाखवू लागल्या.

यंदा ताईंना नेल्यावाचून निघायचे नाही, असा भावाने निश्चय केला. टायरांना चिरा पडल्याच होत्या. नव्या टायरांसोबत ट्रेलरच्या कोपऱ्यांखाली लावायचे टेकूचे पायही घ्यावेत म्हणून तो ताईंना घेऊनच दुकानात गेला.

दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले: एक हलके, कात्रीसारखे उघडणारे, दुसरे जाड नळीचे.

"आत वजन किती असतं?"

भावाने आवाज खाली आणला. "माणसं तशी बेताचीच. फक्त आमच्या ताई जरा…"

"मग जाडच न्या की!" दुकानदार खणखणीत आवाजात म्हणाला.

पलीकडे उभ्या असलेल्या ताई टायरावरची अक्षरे अत्यंत एकाग्रतेने वाचू लागल्या.

घरी अंगणात ट्रेलर गाडीपासून सोडवलेलाच होता. भावाने जॅक लावून दोन्ही बाजूंना नवे टायर चढवलेली चाके बसवली. ताई एकेक नट हातात देत होत्या. टेकू अजून खोक्यातच होते. बोल्टांच्या खुणा करायला खडू हवा म्हणून तो मागच्या दारातून आत चढला, आणि ट्रेलरचे नाक पुन्हा आकाशाकडे गेले. भाऊ घसरत येऊन उंबऱ्यावर आपटला.

"काडी," ताई शांतपणे म्हणाल्या. त्याच्या किडकिडीत अंगावरून लहानपणापासून त्या त्याला ह्याच नावाने हाक मारीत. "तुझं वजन किती रे?"

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुढे गाडी नाही, मागे आधार नाही. कोणीही चढले असते तरी ट्रेलर कलंडलाच असता. त्या दिवशीही पाणी आणायला जाताना गाडी त्यानेच सोडवून नेली होती.

"चुकलो गं, ताई."

"हसायला सगळे होते," ताई हात पुसत म्हणाल्या. "चुकलो हे ऐकायला मी एकटीच का?"

तो खालमानेने आत गेला. बायको, मुले, इतकेच नव्हे तर सासरेबुवांनाही त्याने अंगणात आणले, आणि त्यांच्यादेखत पुन्हा आत चढला. ट्रेलर पुन्हा कलंडला.

"त्या दिवशी हेच झालं होतं. गाडी मीच सोडवली होती. ताईचा काही दोष नव्हता."

मुले खिदळली, आणि आत्याकडे पाहताच गप्प झाली. "वन्सं, मीही हसले हो तेव्हा," बायको पुटपुटली. "उतरा, जावईबापू," सासरेबुवा जमिनीकडे पाहत म्हणाले. "कळलं आम्हाला."

तो उतरला. ताईंच्या नजरेला नजर देण्याचे धैर्य त्याला होईना.

"येशील ना?"

"येईन," ताई म्हणाल्या. "पण वाटेत मला हसवायला जाऊ नकोस."

त्याने मान डोलावली, आणि टेकू बसवायला तो ट्रेलरखाली शिरला.